वावरी: शेवटच्या स्वराची भाषा (प्रकल्प नोंदी)

२ नोव्हेंबर २०२५

गावच्या वाचनालयात आज प्रकल्पाला हात घातला. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. पाचवी ते नववीची पोरं-पोरी दर रविवारी बसणार. आपण स्वतः एक छोटी भाषा बांधायची आणि शब्दाचा शेवट कानावर पडताच कळलं पाहिजे की हे नाम आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे की क्रियाविशेषण, एवढंच काम.

हाच विषय का, ते लिहून ठेवते. 'शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न आला की आमची पोरं पाठ केलेली यादी आठवू लागतात. त्यांचा दोष नाही. मराठीत जात शब्दाच्या अंगावर लिहिलेली नसते. फळ्यावर चार शब्द लिहिले: घोडा, काळा, उद्या, धावला. चौघांच्या शेवटी 'आ' आणि चौघांच्या जाती चार. शेवट बघून काहीच ठरवता येत नाही, वाक्यात शब्द काय करतो ते बघावं लागतं.

मग एस्पेरांतो ही अशीच बांधलेली भाषा दाखवली. लुडविक झामेनहोफ हा वॉर्सातला डोळ्यांचा डॉक्टर. १८८७ साली त्यानं 'डॉक्टर एस्पेरांतो' या टोपणनावानं भाषेचं पहिलं पुस्तक काढलं. व्याकरणाचे नियम १६. नाम 'ओ'नं संपतं, विशेषण 'आ'नं, धातूवरून केलेलं क्रियाविशेषण 'ए'नं, क्रियापदाचं मूळ रूप 'ई'नं. वर्तमानाला 'आस', भूताला 'इस', भविष्याला 'ओस'. मी पावसाचं मूळ घेतलं: प्लुव. प्लुवो म्हणजे पाऊस, प्लुवा म्हणजे पावसाचा किंवा पावसाळी, प्लुवास म्हणजे पाऊस पडतो आहे, प्लुविस पडला, प्लुवोस पडेल.

सातवीतल्या एका मुलीनं लगेच अडवलं. "ताई, मंग 'पडते' कुठं गेलं?" प्रश्न नेमका होता. मराठीत पाऊस हे नाम, त्याला पडायला किंवा यायला वेगळं क्रियापद लागतं. एस्पेरांतोत 'प्लुवास' हे एकटंच पूर्ण वाक्य. कर्ता नाही, दुसरं क्रियापद नाही. मुळाला शेवट लागला आणि काम झालं. त्यावर पोरं बराच वेळ बोलत राहिली. आपल्या भाषेतही असं एका शब्दाचं वाक्य हवंच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

९ नोव्हेंबर

शेवट निवडले. झामेनहोफचेच घ्यावेत असं मला आधी वाटलं होतं, पण पोरांच्या कानाला ते बसेनात. एस्पेरांतोत वडील 'पात्रो', आई 'पात्रिनो'. आईच्या शेवटी 'ओ' कसा, हे त्यांना पटेना. 'बोना पात्रिनो' म्हणजे चांगली आई म्हटल्यावर तर गोंधळच. मराठी कानाला 'आ' म्हणजे पुल्लिंग आणि 'ई' म्हणजे स्त्रीलिंग: चांगला, चांगली. 'बोना' आईला कसं लागेल? एस्पेरांतोत त्या 'आ'चा लिंगाशी काही संबंध नाही, तो फक्त 'मी विशेषण आहे' एवढंच सांगतो. हे समजावून सांगता येतं, पण ज्या भाषेत रोज बोलायचं तिच्यात दर शब्दाला समजावून सांगणं परवडत नाही.

मग उलट बाजूनं निघालो. आपल्या बोलण्यात कोणता शेवट आधीच एखादं काम करतो, ते शोधायचं. आधी व्यंजनं बाजूला काढली. घरी 'पानी', शाळेत 'पाणी'. घरी 'शाया', शाळेत 'शाळा'. म्हणजे ण आणि ळ यांवर भाषेचा भार टाकायचा नाही, कारण घरचा आणि शाळेचा उच्चार वेगळा पडतो. ऱ्हस्व-दीर्घावरही नाही. उरले उघडे स्वर.

विशेषणाला 'ई' मिळाला तो 'वऱ्हाडी'वरून. वऱ्हाडी माणूस, वऱ्हाडी बाई, वऱ्हाडी जेवण: लिंग बदललं तरी शब्द हलत नाही. सरकारी, कागदी, डोंगरी, सगळे तसेच. क्रियाविशेषणाला 'ऊ', कारण 'हळू'. नामाला 'ओ', कारण मराठीत साधं नाम 'ओ'वर क्वचितच संपतं, त्यामुळे जागा मोकळी होती. क्रियापदाला 'ए'.

भाषेचं नाव पोरांनीच ठेवलं: वावरी. वावरातली म्हणून, आणि नावातच विशेषणाचा शेवट आहे म्हणूनही.

देवनागरीचा एक फायदा आज हातात आला. मूळ व्यंजनावर संपलं की शेवट म्हणजे निव्वळ मात्रा. वेचो, वेची, वेचू, वेचे. पोरांनी मूळ निळ्या पेनानं लिहिलं आणि मात्रा लाल. रोमन लिपीत शेवटचं अक्षर बाकीच्या अक्षरांसारखंच दिसतं. इथं ते वेगळं दिसतं. वहीचं पान लांबून पाहिलं तरी कोणत्या शब्दाचं काय काम आहे ते कळतं.

जाता जाता शाळेतल्या मोठ्यांना व्होलाप्यूक सांगितली. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूनं ती १८७९-८० मध्ये केली, म्हणजे एस्पेरांतोच्या आधी. तिथं नाम हेच मूळ, त्याला 'इक' लावला की विशेषण, 'ओन'सारखा शेवट लावला की क्रियापद. नामाला स्वतःचा शेवट नाही. एस्पेरांतोत तसं नाही, तिथं नामालाही आपली खूण कमवावी लागते. माझ्या मते हा मोठा फरक आहे. मूळ नागडं ठेवलं आणि सगळ्या जातींना सारखी वागणूक दिली की शिकणाऱ्याला 'आधी काय, मग काय' हा प्रश्न पडत नाही. निदान पडू नये. पुढं बघू.

१६ नोव्हेंबर

काळ. पोरांनी आणलेली सूचना मला फार आवडली. भूतकाळाला ल आणि भविष्याला न. कारण विचारलं तर एक जण म्हणाला, "पाऊस आला, पाऊस येईन." खरंच आहे. प्रमाण मराठीत 'आला'तही ल आणि 'येईल'मध्येही ल. वऱ्हाडीत 'येईन', 'करन', 'भेटन'. भूताचा ल आणि भविष्याचा न, सरळ दोन खुणा. घरची बोली इथं पुस्तकापेक्षा नियमित आहे, आणि हे पोरांनी स्वतः पाहिलं याचा मला आनंद आहे. त्यांना शाळेत 'येईन' म्हटल्याबद्दल अनेकदा थांबवलं जातं.

पहिला आराखडा: वेचे, वेचेल, वेचेन. आठवीतल्या मुलानं हरकत घेतली की पुस्तकात 'वेचेल' म्हणजे पुढची गोष्ट आणि आपल्यात मागची, वाचताना अडखळायला होईल. मग अक्षर पुढं सरकवलं: वेचे, वेचले, वेचने. काळाचं अक्षर आधी, जातीचा स्वर शेवटी.

हे आधीपेक्षा चांगलं झालं. आता वावरीत शेवटचा स्वर पाहिला की जात ठरते, अपवाद नाही. एस्पेरांतोत क्रियापद 'स'वर संपतं आणि आतला स्वर काळ सांगतो: आस, इस, ओस. तेच आ, ई, ओ बाकी ठिकाणी जात सांगतात. झामेनहोफनं ते स्वर कृदन्तांतही नेलेत: आन्त, इन्त, ओन्त, अनुक्रमे चालू, झालेलं, व्हायचं. त्याची वीण सुंदर आहे. पण दहा वर्षांच्या मुलीला एकाच स्वराची दोन कामं लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा आमची रचना सोपी पडते.

पावसो, पावसी, पावसू, पावसे, पावसले, पावसने. एका शब्दाचं वाक्य मिळालं: पावसले.

१९ नोव्हेंबर

मुळं काढताना आलेल्या अडचणी, थोडक्यात. 'पानी'चा शेवट काढला की 'पान' उरतं, आणि ते तर झाडाचं. पाण्याला 'जल' घेतलं. 'तूर' चालते, 'कापूस'चं 'कापस' केलं, 'पऱ्हाटी'चं 'पऱ्हाट'. 'ज्वारी'चं 'ज्वार'.

'गोड' आणि 'लाल' मात्र घरी येऊन पुन्हा पाहावे लागले. वावरीत 'गोडी' म्हणजे गोड, विशेषण. मराठीत 'गोडी' म्हणजे गोडपणा, नाम. 'लाली'चंही तेच. मग यादी करत गेले आणि दिसलं की मराठीतला हा 'ई' दोन्ही दिशांनी चालतो. सरकारचं सरकारी, कागदाचं कागदी: नामाचं विशेषण. आणि गरीबचं गरिबी, हुशारचं हुशारी: विशेषणाचं नाम. शेवट तोच. कोणत्या बाजूला न्यायचं ते मूळ शब्द ठरवतो. मूळ आधीच नाम असेल तर 'ई' त्याचं विशेषण करतो, विशेषण असेल तर नाम.

म्हणजे मुळाला स्वतःचा कल असतो. आपण त्याला कितीही कोरं म्हणालो तरी.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस सगळ्यात भरीव.

गेल्या बुधवारची गोष्ट मनात होतीच, म्हणून पोरांना सांगितलं की मराठीत 'णी'वर संपणारे शब्द आणा, घरातले, वावरातले, शाळेतले. तासाभरात फळा भरला. पेरणी, वखरणी, डवरणी, निंदणी, फवारणी, वेचणी, कापणी, मळणी. चाळणी, गाळणी, किसणी, फुंकणी. लेखणी, मोजणी.

मी काही न बोलता थांबले. पाचवीतली एक मुलगी फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, "चायनी तं सामान हाये, पेरनी काम हाये!"

हेच होतं. वावरातल्या 'णी' म्हणजे कामं. सैपाकघरातल्या 'णी' म्हणजे वस्तू. पेरणी हातात धरता येत नाही, चाळणी धरता येते. पेरायची वस्तू वेगळी, ती तिफण. फवारायची वस्तू म्हणजे पंप. निंदायला विळा नाहीतर खुरपं. उलट, चाळायच्या कामाला मराठीत 'णी'चं नाव नाही, चाळणं म्हणतो. "फोडनीचं का?" असं मागून आलं. फोडणी सैपाकघरातली, पण वस्तू नाही. लेखणी वस्तू, मोजणी काम. म्हणजे घर आणि वावर अशी वाटणी काटेकोर नाही, पण शेवट एक आणि अर्थ दोन हे नक्की.

आता हेच वावरीला विचारलं. 'नांगर' या मुळाला 'ओ' लावला: नांगरो. म्हणजे नांगर, वस्तू. 'नांगरे' म्हणजे नांगरतो. 'निंद'ला 'ओ' लावला: निंदो. हे काय? विळा की निंदणी? सगळे म्हणाले निंदणी. मग 'खुरपो'? सगळे म्हणाले खुरपं, वस्तू. तोच 'ओ', तसंच वावरातलं काम, आणि एकदा अवजार मिळतं, एकदा कृती. शेवटानं फक्त 'हे नाम आहे' एवढं सांगितलं. कशाचं नाम, ते मुळानं ठरवलं.

एस्पेरांतोतली प्रसिद्ध अडचण हीच. केस विंचरणं म्हणजे 'कोम्बी', म्हणून 'कोम्बो' म्हणजे विंचरण्याची कृती, आणि कंगव्याला साधनाचा 'इल' घालून 'कोम्बिलो' म्हणावं लागतं. पण ब्रश म्हणजे 'ब्रोसो', आणि 'ब्रोसी' म्हणजे ब्रशनं घासणं. कंगवा आणि ब्रश शेजारी-शेजारी पडलेले असतात, पण एकाचं मूळ कृतीचं, दुसऱ्याचं वस्तूचं. कोणतं मूळ कोणत्या कलाचं ते शब्दकोशातून शिकावं लागतं. १९०५ साली भाषेचा पाया म्हणून जो ग्रंथ पक्का झाला, त्यात मुळांचे अर्थ पाच भाषांत दिले आहेत. त्या अर्थांवरूनच मुळाचा कल कळतो. मुळांना असा स्वतःचा वर्ण असतो ही मांडणी एस्पेरांतोत रने द सोस्यूरनं केली, भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूरचा तो भाऊ.

फ्रेंच तर्कज्ञ लुई कुतुरा याला हे अजिबात चाललं नाही. त्याचं म्हणणं असं: 'क्रोनो' म्हणजे मुकुट, त्यावरून 'क्रोनी' म्हणजे मुकुट चढवणं. आता याच्यावरून परत नाम केलं तर 'क्रोनो' म्हणजे मुकुट चढवण्याची कृती व्हायला हवी. ती होत नाही. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच हवा. १९०७ मध्ये एस्पेरांतोत सुधारणा करून निघालेल्या इदो भाषेत हा नियम घातला गेला: वस्तूच्या मुळाला सरळ क्रियापदाचा शेवट लावता येत नाही, मध्ये जोड घालावी लागते. मुकुट चढवणं म्हणजे 'क्रोनिझार'. हातोड्यानं ठोकणं म्हणजे 'मार्तेलागार'.

पोरांपुढं दोन्ही ठेवले. झामेनहोफच्या वाटेनं गेलो तर नांगरे, खुरपे, वखरे असं सरळ म्हणता येतं, पण मुळाचा कल लक्षात ठेवायचा. कुतुराच्या वाटेनं गेलो तर काही लक्षात ठेवायचं नाही, पण नांगरायला लांब शब्द. मत झामेनहोफकडं गेलं. माझंही तिकडंच आहे. जो माणूस रोज वखरतो त्याला वखर हे अवजार आहे हे शिकवावं लागत नाही, आणि भाषा त्याच्या आधारावर उभी राहू शकते. कुतुराची भाषा अनोळखी माणसासाठी जास्त न्याय्य आहे, हे खरं. पण त्याची किंमत प्रत्येक शब्दाला मोजावी लागते.

मात्र साधनाची आणि कामाची खूण वावरीत हवीच. साधनाला 'हत' सुचवलं गेलं, हातात धरतो म्हणून. "ट्रॅक्टर का हातात धरतेत?" असं विचारून एकानं ते पाडलं. शेवटी 'औत' ठरलं. निंदौतो म्हणजे निंदायचं साधन, चाळौतो म्हणजे चाळणी. आणि 'औतो' एकटा वापरला तर कोणतंही साधन. एस्पेरांतोतही 'इलो' असा एकटा वापरतात. कामाला 'काम': नांगरकामो म्हणजे नांगरणी.

३० नोव्हेंबर

वेचणीचा जोर आहे. निम्मी पोरं आयांबरोबर वावरात. उरलेल्यांनी मुळांच्या वहीत समासात 'औत' किंवा 'काम' अशी खूण घातली. 'गुण' अशी तिसरी खूण लागली, गोड, लाल, उंच यांसाठी. 'गोडो' म्हणजे गोडपणा हे आता वाद न होता ठरलं.

एका वडिलांनी दारातून विचारलं, "हे शिकून का भेटन?" मी त्यांना मुलीची वही दाखवली आणि 'पेरणी' व 'चाळणी'ची गोष्ट सांगितली. ते खुर्चीवर बसले, जरा विचार केला आणि म्हणाले, "कुंपनी?" म्हणजे कुंपण घालण्याचं काम की कुंपणच, यावर त्यांचं आणि मुलीचं घरी जाईपर्यंत चाललं होतं.

७ डिसेंबर

निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत गावात, गुरुजी. त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पाणिनीचं सूत्र फळ्यावर लिहिलं: सुप्तिङन्तं पदम्। ज्याच्या शेवटी सुप् किंवा तिङ् आहे ते पद. सुप् म्हणजे नामाला लागणारे २१ प्रत्यय, तिङ् म्हणजे क्रियापदाला लागणारे १८. शेवट लागल्याशिवाय शब्द वाक्यात यायला पात्रच होत नाही.

मग नववीतल्या मुलीनं विचारलं की 'च' आणि 'अपि' यांच्या शेवटी काय आहे. गुरुजी खुलले. अव्ययालाही पाणिनी आधी सुप् लावतो आणि मग दुसऱ्या सूत्रानं तो काढून टाकतो. दिसत नाही, पण लागून गेलेला आहे, म्हणून अव्ययही पद. नियम एकच ठेवण्यासाठी केवढी काळजी! झामेनहोफनं हा प्रश्न निराळ्या पद्धतीनं सोडवला: काही शब्दांना त्यानं शेवटच दिला नाही.

गुरुजींनी पुढं जे सांगितलं ते मी अधोरेखित करून ठेवलं आहे. मुंजीत बटू म्हणतो, 'भवति भिक्षां देहि'. तिथं 'भवति' हे संबोधन, 'भवती' या शब्दाचं, म्हणजे 'बाई, आपण'. आणि 'सुखं भवति' म्हटलं की तेच 'भवति' क्रियापद, 'होतं'. एक सुबन्त, एक तिङन्त, आणि उच्चारात तीळभर फरक नाही. म्हणजे संस्कृतात प्रत्येक पदाला शेवट आहे, पण शेवट ऐकून जात ओळखता येईलच असं नाही. आधी जात माहीत हवी, मग शेवट उलगडतो. बांधलेल्या भाषांनी नेमकं हे उलटं करायचा प्रयत्न केला: आधी शेवट ऐका, जात त्यावरून.

१४ डिसेंबर

उद्या १५ डिसेंबर, झामेनहोफचा जन्मदिवस (१८५९). त्यानिमित्त एस्पेरांतोची परीक्षा घेतली: खरंच शेवटावरून जात कळते का?

पोरांनी कसून शोधलं. 'त्री' म्हणजे तीन, शेवटी ई, पण क्रियापद नाही. 'मी' आणि 'वी' ही सर्वनामं, तशीच. 'प्रो' म्हणजे मुळे, शेवटी ओ, पण नाम नाही. 'ला' हे नामाआधी येणारं छोटं पद, शेवटी आ. आज, काल, उद्या यांना 'होदियाउ', 'हियेराउ', 'मोर्गाउ' असे वेगळेच शेवट, क्रियाविशेषणाचा ए नाही. म्हणजे नियम एकाच बाजूनं चालतो. नाम असेल तर ओ. पण ओ असेल तर नाम, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. असे शब्द मोजके आहेत, लवकर पाठ होतात, तरी आहेत.

वावरीत आम्ही हे बंद केलं. शेवट न लागणारे शब्द (आणि, पण, मध्ये, वर, आकडे) सगळे व्यंजनावर संपवायचे. स्वरावर संपलेला शब्द दिसला की त्याला जात आहेच.

मग मी एक वाक्य लिहिलं ज्यातलं एकही मूळ वावरीत नाही, मराठीत नाही, कुठंच नाही:

डिमकी टुपरो गिचकू लोफले.

अर्थ विचारला तर पोरं हसली. जाती विचारल्या तर सगळ्यांनी एका दमात सांगितल्या: विशेषण, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद, भूतकाळ. कुणीतरी डिमकं असं टुपर गिचकपणे लोफलं. व्याकरणाच्या तासाला गप्प बसणारा सहावीतला मुलगा यात सगळ्यांच्या पुढं होता, आणि घरी जाऊन त्यानं स्वतःची अशी वाक्यं लिहून आणायची ठरवली. अर्थाचा आधार काढून घेतला की शब्दजात म्हणजे वाक्यातलं काम, हे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसऱ्या कशानं दिसत नाही.

२१ डिसेंबर

शेवट न वापरणाऱ्या भाषाही आहेत, हे सांगायला हवं होतं. सोन्या लँग यांनी २००१ मध्ये केलेली तोकी पोना, शब्द सव्वाशेच्या आसपास. 'मोकू' म्हणजे खाणं, खाद्य, खातो, सगळं एकच. 'यान ली मोकू' म्हणजे माणूस खातो. 'ली'नंतर येतं ते क्रियापदाचं काम, 'ए'नंतर येतं ते कर्म. खूण शब्दाच्या अंगावर नाही, दोन शब्दांच्या मध्ये आहे. पोरांना हे आवडलं, पण एकीचं मत असं की "मंग मधलं ऐकू नाई आलं तं?" पंखा चालू असताना वर्गात हा विचार करायलाच हवा.

लोजबान आणखी निराळी. १९८७ पासून लॉजिकल लँग्वेज ग्रुप या गटानं ती बांधली. तिथं नाम आणि क्रियापद असा भेदच नाही. 'क्लामा' म्हणजे येणं-जाणं, 'लो क्लामा' म्हणजे जाणारा. मात्र नावं व्यंजनावर संपलीच पाहिजेत, आणि अर्थाचे शब्द स्वरावर. म्हणून 'वर्धा' किंवा 'पैनगंगा' तिथं जशीच्या तशी चालणार नाही, मागं एखादं व्यंजन जोडावं लागेल. शेवटाचा उपयोग इथंही आहे, फक्त वाटणी नाव आणि बाकीचे अशी.

आम्ही गावांच्या आणि माणसांच्या नावांना हात लावायचा नाही असं ठरवलं. यवतमाळ यवतमाळच राहील.

२८ डिसेंबर

कर्म. एस्पेरांतोत कर्माला 'न' लागतो: ला हुन्दो मोर्दास ला कातोन, कुत्रा मांजराला चावतो. 'ला कातोन मोर्दास ला हुन्दो' म्हटलं तरी चावणारा कुत्राच. इदोत हा 'न' फक्त कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच लावतात. आम्ही घरचाच 'ले' घेतला, मले-तुलेमधला. पण तो शेवटच्या स्वरानंतर चिकटला तर सगळी व्यवस्था बिघडते, कारण 'ए' क्रियापदाचा. म्हणून 'ल्' असं व्यंजन घेतलं, स्वराच्या मागं: मांजरोल्. शेवटचा स्वर तरीही ओ. त्यामुळे जातीचा नियम जरा बदलून लिहिला: शब्दातला शेवटचा स्वर जात सांगतो, त्याच्यामागं व्यंजन असलं तरी. मग बिनशेवटाच्या शब्दांचं काय, ते तर व्यंजनावर संपतात? त्यांच्यावर 'ल्' वर्ज्य. वहीत तसं लिहिलं.

खंजिरीवर म्हणायला एक कडवं करायचा पोरांचा आग्रह होता. 'ओ' चालीत बसेना. झामेनहोफच्या १६व्या नियमात नामाचा शेवटचा स्वर गाळायची मुभा आहे, जागी चिन्ह टाकून, आणि ती कवितेतच जास्त वापरली जाते. आम्हीही दिली, फक्त गाण्यापुरती.

११ जानेवारी २०२६

शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे तक्ते तयार होत आले. पहिल्यावर घोडा-काळा-उद्या-धावला. दुसऱ्यावर वावरीचे सहा शेवट. तिसरा सगळ्यात मोठा, 'णी'चा: डावीकडं चाळणी-गाळणी-किसणी, उजवीकडं पेरणी-निंदणी-वेचणी, मध्ये फोडणी, आणि खाली रिकामी जागा, येणाऱ्या माणसानं आपल्या घरचा शब्द लिहावा म्हणून. त्या जागेशेजारी पेन दोरीनं बांधायचा आहे.

राहिलेलं काम: 'तुटणं' आणि 'तोडणं' ही जोडी. दोन मुळं ठेवायची की एकाच मुळाला 'आपोआप' आणि 'करून' अशा दोन खुणा द्यायच्या? एस्पेरांतोत 'इज' आणि 'इग' असे दोन तुकडे यासाठीच आहेत. फुटणं-फोडणं, सुटणं-सोडणं, तुटणं-तोडणं, फिटणं-फेडणं अशी यादी पोरं आणणार आहेत. फोडणीचा निकाल बहुधा त्यातूनच लागेल.